यादी आणि इत्यादी

२०१८ च्या दिवाळीत मी तव्यानं मेलो.

भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता आणि सुट्टीला आमच्याकडे आला होता. चार दिवस तो फोनमध्ये मान घालून बसला. पाचव्या दिवशी मी मामा या पदाला शोभेल अशा आवाजात विचारलं, "काय चाललंय काय हे?" मान वर न करता तो म्हणाला, "पब्जी. खेळतोस का?" मग त्यानं खेळ समजावून सांगितला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घराघरांत शिरून हाताला लागेल ते उचलतात, एकमेकांना संपवतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या गावच्या वाड्याची वाटणी." तो म्हणाला, "हो, पण हे अर्ध्या तासात उरकतं."

मी सावध माणूस आहे. पहिली पंधरा मिनिटं कुणाच्या वाटेला न जाता नुसतं सामान गोळा केलं. लेव्हल थ्रीचं हेल्मेट, तसंच जाकीट, एकेएम रायफल, लांबचं दिसायला दुर्बीण, मलमपट्टी, एनर्जी ड्रिंकचे डबे. एवढी तयारी मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती. मग ऐटीत एका घरात शिरलो. दाराआड एक इसम उभा होता. डोक्यावर काही नाही, अंगावर बनियन, हातात तवा. ठण्ण. ठण्ण. संपलो.

भाचा हसता हसता पलंगावरून खाली गेला. "मामी, मामाला तव्यानं मारलं!"

स्वयंपाकघरातून शांत आवाज आला, "मी नाही. मी चकल्या तळतेय."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, ही म्हण मला त्या दिवशी आतून कळली. मेल्याचं काही वाटलं नाही. पहिल्याच डावात मरायचं असतंच. पण बंदुकीच्या गोळीनं गेलेल्या माणसाबद्दल लोक दोन शब्द गंभीरपणे बोलतात. तव्यानं गेलेल्याबद्दल काय बोलणार? शोकसभेत पहिल्याच वक्त्याला हसू फुटेल.

"आणि मामा, तवा नाही म्हणायचं. पॅन." भाच्यानं जखमेवर मीठ चोळलं.

त्या रात्री मी या पॅनची चौकशी केली. हा खेळ २०१७ सालचा, दक्षिण कोरियातल्या कंपनीनं काढलेला आणि ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसाच्या डोक्यातून निघालेला. त्यात प्रत्येकाचा जीव शंभर गुणांचा. मूळ खेळात पहार, विळा किंवा कोयता यांचा एक घाव बसला की साठ गुण जातात. तव्याच्या घावानं ऐंशी. ज्यांनी जन्मात कोयता पाहिला नाही त्यांनी हा हिशेब मांडला असावा असं आधी वाटलं, पण पुढचं वाचून मी नमलो. तवा वापरत नसाल तेव्हा तो मागे कमरेखाली लटकतो आणि तिथे लागणारी गोळी अडवतो. कुठल्याही बंदुकीची. हेल्मेट गोळ्या खाऊन फुटतं, जाकीट झिजतं, तव्याला मात्र ओरखडाही येत नाही. त्यामुळे मुरलेले खेळाडू जीव वाचवायचा असेल तेव्हा शत्रूकडे पाठ करतात. छातीवर वार झेलण्याच्या आपल्या सगळ्या परंपरेचा त्या एका भांड्यानं निकाल लावला आहे. पुढे २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात हा खेळही गेला. पुढच्या वर्षी वेगळं नाव लावून परत आला. तव्याला काही झालं नाही.

या जातीच्या सगळ्या खेळांच्या मुळाशी २००० सालचा 'बॅटल रॉयल' नावाचा जपानी चित्रपट आहे. त्यात शाळेतल्या एका वर्गाला बेटावर सोडून एकमेकांना मारायला सांगतात आणि प्रत्येकाला एक पिशवी देतात. कुणाच्या पिशवीत बंदूक निघते, कुणाच्या पिशवीत दुर्बीण. नायकाच्या पिशवीत निघतं पातेल्यावरचं झाकण. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा आहे. दिवाळीला बोनसऐवजी स्टीलचा डबा मिळालेला कारकून मी पाहिला आहे, अगदी तोच चेहरा.

तर असली ध्यानं जिंकतात कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला. ताकद हे उत्तर नाही, कारण ताकद लेखकाच्या हातात असते. तो म्हणाला झाडू प्रबळ, की झाडू प्रबळ. खरी गंमत अशी आहे की प्रत्येक बलाढ्य माणसाजवळ एक यादी असते. कशाकशाला भ्यायचं, याची यादी. माझ्या यादीत रायफल होती, बॉम्ब होता, जीपगाडीखाली येणं होतं. तवा नव्हता.

या यादीचा आद्यपुरुष रावण. त्यानं ब्रह्मदेवाकडे वर मागताना देव, दानव, यक्ष, राक्षस, नाग अशी नावं नीट मोजून घेतली. माणसांचं काय, तर ती आपल्याला गवताच्या काडीसारखी, असं म्हणून त्यानं ती ओळ रिकामी सोडली. अर्ज भरताना 'लागू नाही' म्हणून सोडलेला रकाना पुढे कसा अंगाशी येतो, हे सरकारी कार्यालयात दोनदा परत पाठवलेल्या कुणालाही विचारा.

नमुची तर याहून काटेकोर. ओल्यानं मारायचं नाही, सुक्यानं मारायचं नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असं त्यानं इंद्राकडून वदवून घेतलं. चांगल्या वकिलाकडून करार तपासून घेतल्यासारखं सगळं चोख. इंद्रानं सांजवेळ गाठली आणि पाण्यावरच्या फेसानं त्याचं डोकं उडवलं. फेस ओला म्हणावा तर ओला नाही, सुका म्हणावा तर सुका नाही. आपल्याकडे काम करून करून माणसाच्या तोंडाला फेस येतो. नमुचीच्या बाबतीत तो बाहेरून आला, एवढाच फरक. अशा मृत्यूनंतर असुरांच्या घरी दाढी करायलाही माणसं कचरत असतील.

सांगायचं काय, तर माणूस यादी करतो आणि मरतो इत्यादीनं.

इत्यादीतलं माझं सर्वांत लाडकं शस्त्र म्हणजे गादी. 'माइनक्राफ्ट' हा मूळचा स्वीडनमधला खेळ. २०११ साली तो पुरा होऊन बाजारात आला आणि तेव्हापासून घराघरातली पोरं त्यात चौकोनी विटा रचत बसली आहेत. खेळात रात्र झाली की भुतंखेतं निघतात, म्हणून अंथरूण करायचं. कृती सोपी: तीन भाग लोकर, तीन फळ्या. त्यावर आडवं झालं की थेट सकाळ. इथवर सगळं आपल्या घरासारखंच. पण या जगाच्या खाली नेदर नावाचं एक पाताळ आहे, चहूकडे तापलेला लाव्हा. दमलाभागला खेळाडू तिथे जातो, जरा पाठ टेकावी म्हणून अंथरूण घालतो, आणि अंथरुणाचा स्फोट होतो.

साधासुधा नव्हे. खेळात स्फोटांना जोर मोजण्याचे आकडे आहेत. क्रीपर नावाचा हिरवा प्राणी गुपचूप मागे येऊन फुटतो, त्याचा तीन. खास स्फोटासाठी बनवलेल्या टीएनटीचा चार. अंथरुणाचा पाच. सुरुंग लावणाऱ्यापेक्षा गादी भरणारा पिंजारी भारी! आणि मेल्यावर पडद्यावर कारण लिहून येतं, त्याचा मराठीत अर्थ होतो: 'खेळाच्या हेतुपुरस्सर रचनेनं ठार'. म्हणजे लोकांनी तक्रार केली की अंथरूण फुटतं, ही तुमची चूक आहे. त्यावर कंपनीचं म्हणणं, नाही, ते तसंच करायचं होतं. मी राहतो त्या इमारतीच्या गच्चीतून पावसाळ्यात पाणी गळतं. बिल्डरकडे गेलो तेव्हा त्याचा सूर अगदी हाच होता, फक्त त्याला 'हेतुपुरस्सर' हा शब्द सुचला नाही.

पण पोरं काय ऐकतात! खेळ कमीत कमी वेळात संपवायची ज्यांच्यात चुरस असते, त्यांनी हीच खोड शस्त्र केली. खेळाच्या शेवटी एक काळाकभिन्न ड्रॅगन मारायचा असतो. तलवार आहे, धनुष्यबाण आहे. हे वीर मात्र थैलीत गाद्या भरून निघतात. ड्रॅगन खाली येऊन टेकला की त्याच्या तोंडाशी अंथरूण घालायचं, मध्ये एक वीट आडोशाला ठेवायची आणि झोपायला जायचं. धडाम. पुन्हा गादी, पुन्हा धडाम. चार-पाच गाद्यांत ड्रॅगन आडवा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्हाला शाळेत काटकसरीसाठी शिकवली होती. तिच्यात जिवाचा प्रश्न आहे हे तिथे पाताळात कळतं.

मी हे कीर्तनाला जाणाऱ्या एका शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय नवीन? वाल्मीकींनी केलंय." आणि खरंच केलंय. सुंदरकांडात सीता हनुमंताला खुणेची गोष्ट सांगते. वनवासात एक कावळा तिला टोचून टोचून बेजार करतो. रामाला जाग येते. तो धनुष्य शोधत बसत नाही. ज्या दर्भाच्या अंथरुणावर तो पहुडलेला असतो, त्यातलीच एक काडी उपसतो आणि तिच्यावर ब्रह्मास्त्र योजतो. काडी पेटते आणि कावळ्याच्या मागे लागते. तिन्ही लोक फिरून कुणी आसरा देईना, तेव्हा कावळा रामालाच शरण येतो आणि एका डोळ्यावर निभावतो. अंथरुणातून काढलेलं अस्त्र! स्वीडनमधल्या मंडळींनी रामायण वाचलं नसेल, पण झोपमोड झालेल्या माणसाच्या हाती जे लागेल ते अस्त्र होतं, हे त्यांनाही ठाऊक असणार. आमच्याकडे दुपारी दारावरची बेल वाजवणाऱ्या विक्रेत्यांना त्याचा अनुभव आहे.

आणि गवताची काडी पाहा. माणसं गवतासारखी म्हणून रावणानं सोडून दिली. अशोकवनात तोच रावण समोर आला तेव्हा सीतेनं दोघांच्या मध्ये एक काडी ठेवली आणि मगच बोलली. आपण कुणाला काडीची किंमत देत नाही असं म्हणतो, आणि भांडण लावणाऱ्यानं काडी टाकली असंही म्हणतो. मराठी भाषेला काडीची ताकद पक्की माहीत आहे. बोलताना मात्र ती सोयीनं एकच अर्थ काढते.

काडीचा दुसरा पराक्रम इतका हसण्यासारखा नाही. यादवांच्या टवाळ पोरांनी सांबाला बाईचा वेष दिला, पोटाशी काहीतरी बांधलं आणि ऋषींना विचारलं, हिला काय होईल? ऋषी म्हणाले, मुसळ होईल, कुळाचा नाश करणारं. खरंच लोखंडी मुसळ झालं. घाबरून त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकलं. इथवर सगळे मुसळाला भीत होते, म्हणजे ते यादीत होतं. मग त्या चुऱ्यातून किनाऱ्यावर लव्हाळं उगवलं, असं पुराणं सांगतात. लव्हाळ्याला कोण भितो? प्रभासक्षेत्री मद्य पिऊन बाचाबाची झाली, हाताशी गवत होतं, ते उपटलं आणि उपटताक्षणी मुठीत त्याचं मुसळ झालं. सगळं कुळ संपलं. 'यादवी' हा शब्द आपण आजही वापरतो, पण तो ऐकताना डोळ्यांसमोर तलवारी येतात. पाणथळीतलं गवत येत नाही.

एक स्पष्ट सांगतो. दिसायला वेडगळ असलेली सगळीच शस्त्रं मला मान्य नाहीत. 'वर्म्स' नावाच्या खेळात अळ्या एकमेकींवर केळ्याचे बॉम्ब टाकतात, फुटणारी मेंढी सोडतात, आणि अगदीच चिडल्या तर आभाळातून काँक्रीटचं भलंमोठं गाढव पाडतात. ते जमीन फोडत खाली समुद्रापर्यंत जातं. सायबर कॅफेत आम्ही त्यावर पुष्कळ हसलो, पण आता वाटतं ही लबाडी आहे. काँक्रीटचं गाढव डोक्यात पडलं तर माणूस मरणारच. त्यात आश्चर्य कसलं? तो बॉम्बच, फक्त त्याला कान लावलेत. त्यापेक्षा 'झेल्डा' बरा. १९९८ सालच्या त्याच्या भागात खलनायक विजेचा गोळा फेकतो, आणि नायक तो रिकाम्या बाटलीनं परतवू शकतो. रिकामी बाटली कधी फेकू नये, हे माझी आई पन्नास वर्षं सांगत आली आहे. तिच्या मांडणीवर आज तेवीस बाटल्या आहेत. कुणी विजेचा गोळा फेकूनच बघावा.

आपल्या सिनेमात या वर्गातलं अढळपद हापशीला आहे. २००१ सालच्या 'गदर' मध्ये सनी देओल परमुलखात, जमावाच्या मधोमध, जमिनीत रोवलेली हापशी उपटतो आणि तिनं सगळ्यांना झोडपतो. चित्रपटगृहात शिट्ट्या वाजत होत्या. मी मात्र हळहळलो. आमच्या गावची इंडिया मार्क टू हापशी एकदा बिघडली होती. तिचे पाइप वर काढायला तिपाई उभी करावी लागते, खास पाने लागतात, चार-पाच माणसं लागतात, आणि या सगळ्यांना गावात आणायला तीन उन्हाळे लागतात. एकहाती काम करणारा माणूस मिळाला तो सिनेमात, आणि त्यानं ती दुरुस्त न करता लोकांच्या डोक्यात घातली!

पण गंमत पुढे आहे. २०२३ साली 'गदर'चा दुसरा भाग आला, त्यात हापशी उपटावीच लागत नाही. तो नुसता तिच्याकडे बघतो आणि जमाव पळतो. प्रेक्षक हसले, टाळ्याही पडल्या, पण त्या क्षणी हापशी निवृत्त झाली. ती यादीत चढली. यादीत चढलेलं शस्त्र मग तोफ असो की तवा, ते फक्त शस्त्र. पब्जीतही आता कुणी तव्याला हसत नाही. नवशिकेसुद्धा उतरल्या उतरल्या आधी तो शोधतात.

आमच्या धंद्यातही एक शस्त्र होऊन गेलं. 'माँटी पायथन' या इंग्रज मंडळींनी १९६९ साली एक प्रहसन केलं. एक लेखक इतका जबरदस्त विनोद लिहितो की स्वतःच हसून मरतो. जो वाचेल तो मरतो. मग ब्रिटिश सैन्य तो युद्धात वापरायचं ठरवतं. जर्मन भाषांतर करताना खबरदारी म्हणून प्रत्येक भाषांतरकाराला एकच शब्द देतात. एकाच्या नजरेस चुकून दोन शब्द पडतात आणि तो कित्येक आठवडे रुग्णालयात काढतो. मी तीस वर्षं विनोदी लिहितोय. माझं लिखाण वाचून आजवर कुणाला साधा ठसकाही लागलेला नाही.

राहता राहिलं लाटणं. मराठी दिवाळी अंकातल्या व्यंगचित्रांनी दोन-तीन पिढ्या त्याच्यावर काढल्या: उशिरा घरी आलेला नवरा, दारामागे बायको, हातात लाटणं. चित्रकारांना वेगळी कल्पना सुचली नाही, आणि नवरे हसत राहिले. मग १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका थाळ्या बडवत, लाटणी उगारत रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चा. पोलिसांकडे लाठी होती, बायकांकडे लाटणं. फरक म्हटला तर लांबीचा. पण लाठीला लाठीनं उत्तर देता येतं. लाटण्याला काय उत्तर द्यायचं? ज्या वस्तूनं आज सकाळी आपल्याच डब्यातली पोळी लाटली, तिच्यावर चाल कशी करायची? व्यंगचित्रातला विनोद ज्या पुढाऱ्यांनी मिटक्या मारत वाचला असेल, त्यांना त्या दिवशी तो नीट समजला असावा.

तेव्हापासून लाटणं कुणाच्या यादीत चढलं का, याची मला उत्सुकता होती. उत्तर गेल्या वर्षी मिळालं. तोच भाचा आता बेंगळुरूला नोकरी करतो. बाहेरचं खाऊन खाऊन तो कंटाळला आणि पोळ्या शिकायच्या म्हणाला. हिनं तिच्या आईचं शिसवी लाटणं आणि सागवानी पोळपाट काढला आणि माझ्याबरोबर पाठवला. जुन्या पद्धतीचा पोळपाट, तीन पायांचा, सव्वा किलोचा. विमानतळावर माझी सॅक यंत्रातून गेली आणि बाजूला सरकली.

"सर, ये क्या है?"

"लाटणं. बेलन."

जवानानं ते दोन्ही हातांनी उचललं, वजन घेतलं, आडवं धरलं, उभं धरलं. माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. तिथे हत्यारांची चित्रं होती आणि खाली कुठेतरी जड, बोथट वस्तू असं लिहिलं होतं. "केबिन में अलाउड नहीं है." तो अतिशय आदरानं बोलत होता. मला राग आला नाही. चकल्या तळणाऱ्या बाईला जाऊन हे सांगायला मी अधीर झालो होतो.

मी परत काउंटरवर गेलो. लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या सामानात टाकलं, चिकटपट्टी लावली, पावती घेतली. पोळपाट सॅकमध्येच होता. ती पाठीला लावून मी पुन्हा रांगेतून गेलो, आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.